पितळी सिस्ट्रम: हाथोर देखणी, सळ्या जाम

कैरोच्या खान अल-खलिली बाजारात पितळी सिस्ट्रम, म्हणजे प्राचीन इजिप्तची हलवून वाजवायची वाद्यं, बरीच दिसतात. मुठीवर गाईच्या कानांची हाथोर देवी, वर कमान, कमानीतून आरपार तीन सळ्या. कारागिराची सगळी मेहनत हाथोरच्या चेहऱ्यावर जाते आणि वाद्य म्हणून नग नापास होतो.

इथे घेतलेला नग मधल्या मापाचा आहे: सुमारे 25 सेंमी उंच, ओतीव मूठ, पत्र्याची कमान, 3 मिमी जाडीच्या सळ्या, प्रत्येकीवर चार चकत्या. हलवला की नुसता खुळखुळतो. सिस्ट्रमचा खरा आवाज दोन ठिकाणी होतो. सळई भोकात सरकून तिचं वळवलेलं टोक कमानीवर आपटतं, आणि चकत्या एकमेकींवर वाजतात, चिपळ्यांतल्या झांजांसारख्या. संग्रहालयांत तर चकत्या नसलेली, फक्त सरकत्या सळ्यांची सिस्ट्रमंही आहेत. या नगात भोकं सळईच्या जाडीचीच, वर लॅकरचा हात मारलेला. सळई सरकणार कुठून?

दुरुस्ती अवघड नाही. आधी अॅसिटोनने लॅकर काढा. सळईचं एक टोक सरळ करून ती बाहेर काढा. पितळ न तापवता परत वाकवलं तर तुकडा पडू शकतो, म्हणून टोक मंद लाल होईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, मग वाकवा. भोकं साडेचार मिमीपर्यंत मोठी करा. त्याहून मोठी केली की सळई तिरकी बसते, आणि पातळ पत्र्याची धार तिला खात राहते. चकत्यांच्या कडा कानशीने घासून घ्या. कापताना राहिलेली कुसं एकमेकींत अडकतात आणि आवाज दबतो. सळई परत बसवताना दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर तरी मोकळी राहिली पाहिजे.

विकत घेण्याआधी कमान एका हातात धरून मूठ हलकेच पिळून पाहा. सांधा नुसत्या कथलाच्या डागाचा असेल तर रोजच्या हलवण्याने तडकतो. डाग पितळेचा हवा. मुठीच्या आत काही घरंगळल्यासारखं वाटलं तर ती ओतकामातली राहिलेली माती. तो नग सोडा.

वाजवताना एक चूक हमखास होते: सिस्ट्रम पुढे-मागे हलवलं जातं. सळ्या आडव्या आहेत, तेव्हा झटका मनगटाने डावी-उजवीकडे द्यायचा.

दुसरा प्रकार देवळाच्या दरवाजासारख्या चौकोनी डोक्याचा. प्राचीन काळी तो फायन्सचाही करत, म्हणजे वाळूच्या भुकटीपासून भाजून केलेल्या निळ्या-हिरव्या चकाकीच्या मालाचा. बाजारातला रेझिनचा अवतार फक्त शोकेससाठी. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यात सापडलेली जोडी मात्र कमानीचीच आहे, लाकडी मुठीवर सोन्याचा मुलामा दिलेली. तशी लाकडी मूठ करून घेतली तर हातात वजन कमी येतं आणि मनगट भरून येत नाही.

‘थडग्यातलं अस्सल’ म्हणून कोणी गुपचूप काही पुढे केलं तर हात लावू नका. 1983 च्या 117 क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार बंद आहे. ते बहुधा व्हिनेगर-मिठात हिरवं केलेलं हेच पितळ असतं, किंमत तेवढी चौपट.