आधी कोण ऐकावं: चक बेरी की बडी हॉली?

गिटार हाती घेतली आणि रॉक अँड रोल मुळापासून ऐकायचं ठरवलं, तर या दोघांतला आधी कोण? माझं उत्तर बेरी.

चक बेरी सेंट लुईसचा, जन्म १९२६. १९५५ साली शिकागोत ब्लूज गायक मडी वॉटर्सने त्याला चेस या रेकॉर्ड कंपनीची वाट दाखवली आणि तिथे ‘मेबेलीन’ हे गाणं रेकॉर्ड झालं. कंट्री संगीतातल्या जुन्या गाण्याचा सांगाडा, त्यावर ब्लूजची गिटार आणि मोटारींच्या पाठलागाची गोष्ट! उच्चार इतके स्वच्छ, की इंग्रजी गाण्यांना न सरावलेल्या कानालाही गोष्ट कळते. त्याची गिटार ऐकली की बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सनी काय उचललं ते उमगतं. त्याचं ‘जॉनी बी. गुड’ १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवरून अंतराळात गेलं. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दोन्ही एका बैठकीत ऐकाच.

बेरीचं आयुष्य मात्र स्वच्छ नाही. १४ वर्षांच्या मुलीला गैरहेतूने राज्याबाहेर नेल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला, १९६३ मध्ये सुटला. त्याची थोरवी सांगताना हे दडवू नये. आणखी एक: १९५५ ते १९६४ ची स्टुडिओतली गाणीच घ्या. पुढे तो गावोगावी स्थानिक वादक घेऊन तालमीशिवाय कार्यक्रम करायचा, त्यामुळे कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगचा काही भरवसा नाही.

बडी हॉली टेक्ससमधल्या लबकचा. १९५६ मध्ये नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात त्याचं रेकॉर्डिंग जमलं नाही. मग न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला नॉर्मन पेटी या निर्मात्याचा स्टुडिओ मिळाला. हा नॉर्मन तासाचे नव्हे, गाण्याचे पैसे घ्यायचा, म्हणून हॉली आणि त्याच्या साथीदारांना घड्याळ न बघता प्रयोग करता आले. ‘एव्हरीडे’ या गाण्यात त्याचा ड्रमर जेरी ॲलिसन ड्रम सोडून चक्क मांड्यांवर थापा मारतो! ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात विमान कोसळलं तेव्हा हॉली अवघा २२ वर्षांचा होता. पहिलं गाणं गाजून दोन वर्षंही झाली नव्हती. तेवढ्यात त्याने व्हायोलिनांच्या ताफ्यासह गाऊनही पाहिलं होतं. एवढी झेप मला बेरीत दिसत नाही.

म्हणून स्वतः गाणी रचायची असतील, तर क्रम उलटा करा आणि हॉलीपासून निघा. फक्त त्याचं ‘पेगी सू’ लगेच वाजवायला घेऊ नका. त्यातले वेगवान, सलग खाली मारायचे स्ट्रोक नवख्या मनगटाला पेलत नाहीत. त्याचंच ‘दॅटल बी द डे’ मोजक्या कॉर्डवर उभं आहे, ते आधी बसवा.