मांस, कच्चं माळवं की भाकरी-कालवण: माणसाच्या शरीराला काय जुळतं?

सोलापुरात होम मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत सध्या दोन बाजू पडल्यात. एक बाजू म्हणते, माणूस मुळात शिकारी, धान्य आलं ते शेतीनंतर, तेव्हा ज्वारी-गहू-तांदूळ सोडा आणि मटण, अंडी, तूप, थोडं माळवं म्हणजे भाजीपाला, एवढ्यावर राहा. दुसरी म्हणते, आपले दात आणि आतडी फळं खाणाऱ्या वानरांच्या वळणाची, तेव्हा प्राण्यांचं काही नको आणि जमेल तितकं कच्चंच खा. निसर्गानं ज्यासाठी घडवलं तेच खावं, हे दोघंही सांगतात आणि ताट मात्र अगदी उलटं वाढतात. मी दोन्हीकडे राहून पाहिलं. शेवटी भाकरी, डाळ, शेंगा, माळवं आणि अधूनमधून मटण इथं येऊन थांबलो. कोणत्या आहाराला काय म्हणतात, प्रोटीन कशातून किती मिळतं, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. निवड करायची वेळ आलीय अशांना रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, तेवढं सांगतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझा अनुभव धडधाकट माणसाचा आहे आणि तो प्रत्येकाच्या पोटाला लागू पडेलच असं नाही.

मांसवाल्यांचे मुद्दे खोटे नाहीत. आपल्या जठरातलं आम्ल चांगलंच जहाल असतं. गोरिला-चिंपांझींचं मोठं आतडं भलं दांडगं असतं, कारण त्यांना पाला आंबवून त्यातून ताकद काढायची असते. आपलं मोठं आतडं पचनमार्गाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढंच आहे, लहान आतडं निम्म्याहून जास्त. म्हणजे पोटात येणारं अन्न दाट आणि पचायला सोपं असेल, अशाच बेतानं हे शरीर बनलंय. त्यात बी-१२ जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. हे सगळं पाहिल्यावर माणूस निव्वळ शाकाहारी प्राणी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण तो निव्वळ मांसाहारीही नाही. मांजर आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतं. आपल्या वानर पूर्वजांनी ती क्षमता केव्हाच गमावली, त्यामुळे ते आपल्याला खाण्यातूनच मिळवावं लागतं. दुसरी खूण तोंडातच आहे. भाकरीचा घास सावकाश चावत राहा, गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य पिठूळ भाग फोडतं त्याचा हा परिणाम. चिंपांझीत या अमायलेजच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, माणसात सरासरी सहाच्या आसपास. जे समाज पिढ्यान्‌पिढ्या धान्य-कंदमुळांवर जगत आलेत त्यांच्यात या प्रती जास्त असतात, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पिठूळ खाणं शरीराला परकं असतं तर अशी तयारी झाली नसती, असं मला वाटतं.

निव्वळ मांसावर जगता येतं का, तर येतं. ध्रुव प्रदेशात फिरलेले विल्ह्यालमुर स्टेफॅन्सन आणि त्यांचे एक सहकारी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली मांसाहारावर वर्षभर राहण्याच्या प्रयोगाला बसले, आणि दोघंही ठीक राहिले. मात्र सुरुवातीला स्टेफॅन्सन यांना चरबी काढलेलं मांस दिलं तेव्हा ते काही दिवसांतच आजारी पडले, चरबी वाढवल्यावर बरे झाले. शरीर प्रोटीन एका मर्यादेपर्यंतच जाळू शकतं, बाकीची ऊर्जा चरबीतून किंवा पिठातून यावीच लागते. आपल्याकडचं बोकडाचं मटण तसं कमी चरबीचं. म्हणून इथं धान्य सोडणाऱ्याला वरून तूप-तेल ओतावं लागतं. मीही ओतत होतो.

या आहारातलं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं होतं. दुपारच्या जेवणानंतर येणारी गुंगी गेली. दोन जेवणांच्या मधे भूक लागत नव्हती, चहाबरोबरची बिस्किटं आपोआप सुटली. पोटाचा घेर कमी झाला. शौचाला त्रास झाला, पण माझ्याबरोबर सुरू केलेल्या एका मित्राला तो अजिबात झाला नाही, तेव्हा त्याचं खापर आहारावर फोडत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो कालवणावरून. आपल्या सोलापुरी स्वयंपाकघरात कुठलंही कालवण भाकरी धरूनच होतं. काळ्या मसाल्यातला मटणाचा रस्सा, येसर आमटी, पिठलं, शेंगाचटणी, ठेचा, सगळ्यांतलं मीठ-तिखट पडतं ते शाळूच्या भाकरीचा कोरडा, जरासा गोड घास सोबत असणार म्हणून. भाकरी काढून घेतली की तोच रस्सा वाटीतून चमच्यानं प्यायचा. पहिले चार घोट बरे लागतात. मग घसा धरतो, मिठाचा अंमल वाढतो आणि रात्री छातीत जळजळ. चटणी तर नुसती खाताच येत नाही. मग माझ्यासाठी दुसरं पातेलं चढू लागलं. फोडणी झाली, मसाला पडायच्या आत बायको विचारायची, "तुमचं आळणी आधी काढून ठेवू का?" सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आई माळकरी, त्यामुळे मटणाची भांडी आमच्याकडे पहिल्यापासून वेगळी. ती अधूनमधून निघायची तोवर कुणाला काही वाटत नव्हतं. रोज निघायला लागली तेव्हा एकाच घरात आईचं, घरच्यांचं आणि माझं असे तीन स्वयंपाक होऊ लागले.

घराबाहेर गेलं तरी तेच. पौष-माघात कुणाच्या शेतावर हुरड्याला जावं, तर आगटीतून काढून हातावर चोळलेला तो कोवळा, गोडसर दाणा बाकीच्यांनी खायचा आणि मी दह्याची वाटी घेऊन बसायचं. पाहुण्यांकडे गेलं की त्यांना वाटायचं, आपलंच काही चुकलं. आखाडात जमून जायचं, पण लगेच श्रावण लागायचा, आणि आपल्या जिल्ह्यात पंढरपूर असताना एकादशी टाळून कुठं जाणार?

ही गैरसोय झाली, इथं निसर्गाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तो संबंध इथंच दिसतो. टांझानियातले हाडझा आजही बऱ्याच अंशी शिकार आणि रानमेव्यावर जगतात. कंद आणि बोरांसारखी फळं बहुतेक बायका आणतात, शिकार आणि मध बहुतेक पुरुष, आणि त्यातलं बरंचसं वस्तीवर आणून वाटून खाल्लं जातं. चिंपांझी बव्हंशी जिथं मिळालं तिथंच खाऊन मोकळा होतो. जे मिळालं ते एका ठिकाणी आणायचं, विस्तवावर शिजवायचं आणि मिळून खायचं, ही माणसाची फार जुनी सवय आहे. जो आहार घरच्या पातेल्यात मावत नाही तो रसायनशास्त्रात कितीही बसला तरी माणसाला पुरता जुळतो असं म्हणवत नाही.

कच्च्या शाकाहाराचा निर्णय फार लवकर झाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो सुखाचा वाटतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना काकडी, टरबूज, डाळिंब, मोड आलेली मटकी यांनी पोट हलकं राहतं. पण चावायला वेळ फार लागतो. लक्ष्मी मंडईतून पिशवीभर आणलेलं दिवसभर चावावं तेव्हा कुठं कामापुरती ताकद येते, आणि हवा गार झाली की भूक काही केल्या भागत नाही. चिंपांझीचे दिवसातले सहा-एक तास चावण्यात जातात. माणसानं हा वेळ विस्तवामुळे वाचवला, म्हणूनच आपले जबडे आणि दाढा लहान आहेत, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं. जर्मनीत बराच काळ कच्चं खाणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला, त्यात पंचेचाळीसच्या आतल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती. कोणत्याही प्राण्याला स्वाभाविक असलेल्या खाण्यानं असं होऊ नये. शिजवून खाणारा शाकाहारी मात्र वेगळा, त्याला यात धरू नका. दूध-दही घेत असेल तर त्याचं उत्तम चालतं. दूधही सोडलं असेल तर बी-१२ची गोळी घ्यावीच, त्यात कमीपणा काही नाही.

आता पूर्वजांचं. 'पूर्वज खात तेच खा' म्हणताना कोणते पूर्वज धरायचे, हे आधी ठरवावं लागतं. पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते त्याच भीमेच्या खोऱ्यात, पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी जव पिकवत, डाळी खात, गुरं-शेळ्या पाळत आणि हरणाची शिकारही करत. म्हणजे आपल्या मातीतले अगदी जुने माहीत असलेले शेतकरी धान्य, डाळी आणि मांस हे तिन्ही खात होते. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेची. शेंगदाणा आणि मिरची अमेरिका खंडातून आल्या, त्याला फार तर पाचशे वर्षं झाली. उपासाच्या साबुदाण्याचं आणि बटाट्याचं मूळही तिकडचंच. धान्य अलीकडचं म्हणावं तर इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथं सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वी रानटी धान्य दगडावर भरडल्याच्या खुणा सापडल्यात, म्हणजे शेतीच्याही कितीतरी आधी. एस्किमो सील आणि माशांच्या चरबीवर जगले. बोलिव्हियातले त्सिमाने लोक भात, केळी, कंद, मका खातात, त्यांची जवळपास सत्तर टक्के ऊर्जा पिठूळ अन्नातून येते, तरी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कमालीच्या स्वच्छ असल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. ते दिवसभर राबतात हेही लक्षात घ्यायला हवं. एकच एक ताट माणसासाठी ठरलेलं नाही, एवढं यातून मला कळतं. जिथं राहतो तिथलं, शिजवलेलं आणि मिसळीचं खाणं त्याला मानवतं.

भाकरीच्या बाजूनं बोलतोय म्हणून तिचं उणं झाकणार नाही. नुसत्या ज्वारीवर माणूस नीट जगत नाही. १९६०च्या सुमारास हैदराबादमध्ये डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दख्खनमधल्या गरीब, जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा दिसतो. अंगावर काळे चट्टे, जुलाब, भ्रम असा हा आजार नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) कमी पडल्यानं होतो. ज्वारीत ल्युसिन हा प्रोटीनचा एक घटक जास्त असल्यानं नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा दुसरा घटकही कमी, आणि तिच्यातलं लोह सहज अंगी लागत नाही.

पण आपल्या ताटात भाकरीशेजारी काय असतं ते पाहा. शेंगदाणा नायसिननं भरलेला, आणि आपल्याकडे भाकरीबरोबर शेंगाचटणी असतेच. तूर, मटकी, हुलगा, हरभरा लायसिन पुरवतात. लिंबाची फोड आणि कच्चा कांदा लोह शोषून घ्यायला मदत करतात. अधूनमधूनचं मटण किंवा कलेजी लोह आणि बी-१२ दोन्ही देतं, माळकऱ्यांना दूध-दह्यातून बी-१२ मिळतं. ही जोडी कुणी प्रयोगशाळेत बसून लावलेली नाही. लोकांनी खाऊन-खाऊन ती लावली, आणि मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

मांसवाल्यांकडून मी एक गोष्ट मात्र उचलली आणि ती सोडणार नाही. आपण भाकऱ्या फार खातो आणि कालवण फार कमी. शेतात राबणाऱ्याला तीन भाकऱ्या आणि चटणीचा गोळा चालून जातो, खुर्चीत बसणाऱ्याला नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही धान्यातून एकूण ऊर्जेच्या पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त नको असंच म्हटलंय. आता माझ्या ताटात दुपारी दीड भाकरी असते, उसळ किंवा घट्ट डाळ वाटीभर न घेता दोन वाट्या, पालेभाजी, दही, कांदा. रविवारी मटण असलं तर फोडी जास्त आणि रस्सा बेताचा. रात्री एकच भाकरी. दुपारची गुंगी परत आली नाही, पोटाचा घेर थोडा वाढून तिथंच थांबला, आणि घरात पातेलं एकच चढतं.

एकटे राहत असाल, स्वतःचं स्वतः रांधत असाल आणि वजन झपाट्यानं उतरवायचं असेल, तर धान्य सोडून काही महिने राहायला हरकत नाही. तुम्हाला माझ्याइतकी अडचण होणार नाही. चार माणसांच्या घरात मात्र भाकरी कमी करणं हे भाकरी सोडण्यापेक्षा फार सोपं जातं, आणि वर्षानुवर्षं टिकतंही तेच.

सुरुवात करणार असाल तर ज्वारी पारखून घ्या. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी मिळाली तर उत्तम, नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येतो. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. शिळ्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि मग घरातली पोरं चपातीच मागतात.