बेस पॉलिसी, सुपर टॉप-अप आणि अप्पांची फाइल: दोन अ‍ॅडमिशननंतरचा अनुभव

सुपर टॉप-अप (मूळ म्हणजे बेस आरोग्य विम्याच्या वरचा खर्च उचलणारी जादा पॉलिसी) घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते: जरूर घ्या. फक्त त्याच्या भरवशावर बँकेतलं खातं रिकामं ठेवू नका.

अप्पा ७२ वर्षांचे, मधुमेह जुना. त्यांची ३ लाखांची बेस पॉलिसी, आणि दुसऱ्या कंपनीचा १० लाखांचा सुपर टॉप-अप, ३ लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे पहिल्या ३ लाखांचा खर्च तो देत नाही. जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही) दोन्हीकडे केव्हाच उलटला होता. (आता तो जास्तीत जास्त ३ वर्षं असतो, २०२४ पर्यंत ४ होता.) हप्ते नेमाने भरत आलो, कस लागला तो या वर्षी.

आधी अँजिओप्लास्टी झाली. बिल साधारण २ लाख ६० हजार, बेसमधून कॅशलेस, म्हणजे कंपनीनेच थेट हॉस्पिटलला भरलं. हातमोजे, मास्क वगैरेंचे पैसे तेवढे आमच्या खिशातून गेले. चारेक महिन्यांनी न्यूमोनिया, आयसीयू, बिल २ लाख ३० हजारांच्या घरात. साधा टॉप-अप असता तर फुटकी कवडी मिळाली नसती, कारण एकही बिल एकट्याने ३ लाखांच्या वर गेलं नव्हतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात. एजंट मंडळी हा फरक दोन वाक्यांत उरकतात; आमच्याकडे सगळा खेळ त्यावरच होता.

आता दुखरी बाजू. बेसमध्ये चाळीसेक हजार उरले होते, ते कॅशलेस मिळाले. बाकीचे आम्ही भरायचे आणि मग दुसऱ्या कंपनीकडे रिइम्बर्समेंट मागायची. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर हवं, हॉस्पिटलच्या शिक्क्याच्या बिलांच्या प्रती हव्यात, डिस्चार्ज समरी हवी. पैसे आले, पण महिन्याच्या वर थांबावं लागलं. अप्पांची एक एफडी माझ्या नावासह 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (मुदत संपल्यावर दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतात अशी) होती, म्हणून निभावलं. दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असत्या तर ही पायपीट बरीच वाचली असती.

रूमचं भाडंही नीट बघा. आमच्या पॉलिसीत दिवसाला विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ हजारांची मर्यादा आहे. साडेचार हजारांची खोली घेतली असती तर फक्त वरचे दीड हजार आपले, असं नसतं. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचेही दोन-तृतीयांशच मिळाले असते. (औषधं, स्टेंट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही.) पाहुण्यांनी नाकं मुरडली तरी आम्ही ट्विन शेअरिंगच घेतलं.

डिस्चार्जला कंपनीने ३ तासांत मंजुरी द्यावी, असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे. पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलने मागणी पाठवल्यावर. फार्मसीच्या रिटर्नसाठी बिलिंग अडलं असेल तर टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातलं विम्याचे क्लेम बघणारं काउंटर) आवाज चढवून काही होत नाही.

अप्पांच्या तब्येतीच्या कागदांची एक फाइल आम्ही करून ठेवली होती, तिचं मात्र मनापासून कौतुक. वर एकच कागद: औषधं डोससह, अ‍ॅलर्जी, रक्तगट, आधीची ऑपरेशन्स. मागे जुना ईसीजी आणि ताजा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आधी जुना ईसीजीच मागितला. नव्यातला बदल आजचा की जुनाच, हे त्यावरून कळतं. अँजिओग्राफीच्या डायचा भार किडनीवर येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन. सगळं फोनमध्ये आहे म्हणणाऱ्या धाकट्या भावाचा फोन त्या रात्री चार्जिंगला घरीच होता.

यानंतर केलेली कामं: अप्पांचं ७० वर्षांवरील नागरिकांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी चालतं. आमचं नेहमीचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत नाही, ते वेगळंच. लिव्हिंग विलचा, म्हणजे अखेरच्या अवस्थेत केवळ जीव लांबवणारे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय अप्पांनीच काढला. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. मसुदा तयार आहे, आईची सही करण्याची अजून तयारी नाही.

रिन्युअलला बेस ५ लाखांचा करायचा विचार आहे, रूमच्या मर्यादेशिवाय. हप्ता झोंबणार आहेच. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, तेवढाच दिलासा.