स्लिपर ऑर्किड: मातीची कुंडी की प्लास्टिकची?

डेंड्रोबियम ऑर्किड चांगलं जगवणाऱ्यांचाही हात स्लिपर ऑर्किडला चुकतो. डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाण्याचा साठा असतो, चार दिवस विसरलात तरी ते तग धरतं. स्लिपरला, म्हणजे पॅफिओपेडिलमला, असा साठाच नाही. पानं आणि मोजकी केसाळ मुळं, एवढ्यावर त्याचा संसार. त्यामुळे लाकडाला बांधणं किंवा नुसत्या कोळशात ठेवणं बाद. कुंडी हवीच, फक्त कुठली ते ठरवायचं.

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं गार राहतात. एप्रिलच्या पुण्यात हा मोठा आधार वाटतो, पण त्याच कोरड्या हवेत ती दीड-दोन दिवसांत सुकते. शिवाय मुळं तिच्या भिंतीला चिकटतात आणि कुंडी बदलताना तुटतात. तुटलेलं मूळ भरून यायला महिने जातात. प्लास्टिकची कुंडी ओल चार-पाच दिवस टिकवते. पारदर्शक असेल तर मुळं हिरवट-तपकिरी आहेत की काळी पडली, ते न उपटता दिसतं. तिचा धोका पावसाळ्यात. कोकणातल्या जुलैत बारीक मिश्रण आतून सुकतच नाही आणि मूळकूज लागते.

माझं मत सांगते: पुणे, नाशिक, नागपूरकरांनी प्लास्टिक घ्यावी. मुंबई-गोव्यात, किंवा ज्यांचा हात सारखा झारीकडे जातो त्यांनी, मातीची. दोन्हीकडे कुंडी लहानच, मुळं जेमतेम मावतील एवढी.

कुंडी कुठलीही असो, खरा फरक भरावाने पडतो. पाइनच्या सालीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे ३ भाग, परलाइट (हलके, पांढरे खडे) १ भाग, लोणारी कोळसा १ भाग. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात आणि ओलही जास्त धरतात, पण त्यांत मीठ असतं. दोन-तीन दिवस भिजवून पाणी बदलत राहिल्याशिवाय वापरू नका. मॉस (सुकवलेलं शेवाळ) मी फक्त मुळं गमावलेल्या रोपासाठी ठेवते. साल कुजून भुसा होण्याआधी, साधारण वर्ष-दीड वर्षात, भराव बदलायचा. रोपाचा बुंधा भरावात किंचित दबलेला हवा, कारण नवी मुळं तिथूनच फुटतात.

पाण्यात पहिला मान पावसाच्या पाण्याला, मग आरओच्या. बोअरवेलचं जड पाणी नको. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर अजिबात नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. पाणी सकाळी द्या. पानांच्या मध्यात ते रात्रभर साचलं तर कोंब सडतो.

खताबाबत मी द्रवरूपाच्याच बाजूची आहे. संथ सुटणाऱ्या गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण आपल्या उन्हाळ्यात त्या भराभर सुटतात आणि मुळांची टोकं जळतात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) पाव ग्रॅम एका लिटरला, आठवड्यातून एकदा, ओल्या भरावात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढायची. आरओचं किंवा पावसाचं पाणी देत असाल तर अधूनमधून कॅल्शियम नायट्रेट द्यावं लागतं. ते १९:१९:१९ मध्ये मिसळू नका, वेगळ्या आठवड्यात द्या.

रोप निवडताना पानं बघा. ठिपकेदार पानांचे मॉडी जातीचे संकर उष्ण घरात रमतात. मेघालयातल्या इन्सिग्ने जातीला मात्र हिवाळ्यातल्या थंड रात्री लागतात. रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घ्या. केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलाईच्या डोंगरातली द्रुरी ही जात लोकांनी ओरबाडून जवळजवळ संपवली आहे.

एक फुटवा एकदाच फुलतो. फूल गळलं की दांडा कापा, पण पानं ठेवा. बाजूचा नवा कोंब त्यांच्याच जिवावर वाढतो.