पंधरा महिने वापरलेली १५ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर, आणि तिचं गारठ्यातलं दुखणं

जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटेचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. शहराजवळच्या तिघरा धरणाच्या पाण्यावर तेव्हा धुकं इतकं दाट असतं की नावेच्या पुढच्या टोकाला बसलेला माणूस मागून दिसत नाही. संध्याकाळी टाकलेली जाळी आम्हाला याच वेळी उचलायची असतात. मासळी वेळेत बर्फात पडली नाही तर बाजारात भाव उतरतो. अशा वेळी मोटर चालू न होणं म्हणजे अर्धा दिवस हातचा गेला.

मोटर नावेच्या मागे बाहेरून लावायची, जपानी बनावटीची, टू-स्ट्रोक (पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारी), दोन सिलिंडरची, १५ हॉर्सपॉवरची. बॅटरी नाही, दोरी ओढून चालू करायची. पंधरा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात नवी घेतली. पहिले दहा तास लिटरला ४० मिली ऑइल घालून सावकाश चालवली, मग २० मिलीवर आणली. ताकदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जाळी, बर्फाचे खोके आणि तीन माणसं घेऊन ती वाऱ्याविरुद्धही दमत नाही. अर्ध्या थ्रॉटलवर तासाला साधारण तीन लिटर पेट्रोल जातं.

दुखणं डिसेंबरात सुरू झालं. दुपारी पहिल्या ओढीत चालू होणारी मोटर पहाटे पंधरा-वीस ओढी खायची. एकदा मी मोजल्या, सव्विसाव्या ओढीला लागली. आमचा नावाडी म्हणाला, “भैया, ये ठंड में नहीं मानेगी.” दोरीने त्याची तर्जनी सोलून निघाली होती, आणि त्याच हाताने त्याला पुढे जाळं ओढायचं होतं. ते पाहून मी ठरवलं, आता याचा छडा लावायचाच.

सगळे करतात तेच मीही आधी केलं, ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग बदलले. फरक शून्य. मग एका मिस्त्रीकडे दिली. त्याने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून धुतला, पैसे घेतले, आणि दुकानात दुपारी बारा वाजता एका ओढीत चालू करून दाखवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. त्याला दोष देत नाही, पण थंडीतलं दुखणं उन्हात तपासून कसं सापडणार?

वाट दाखवली ती काकांनी. काकांचं आयुष्य शेतीचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करण्यात गेलंय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून तिघऱ्यापर्यंत पहाटे स्कूटरवर मागे बसून आले, मफलर गुंडाळून. झाकण उघडण्याआधी मात्र त्यांनी तो मफलर काढून ठेवला, कारण दोरी ओढली की वरचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उघडंच फिरतं. चोक (हवा अडवणारं बटण) ओढून दहा ओढी मारायला लावल्या आणि म्हणाले, “आता प्लग काढ.” दोन्ही प्लग खडखडीत कोरडे. “अरे, मग ठिणगी कशाला शोधतोस? पेट्रोल शोध.”

ही एक गोष्ट कळली असती तर माझा महिना वाचला असता. दहा ओढींनंतर प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. तेव्हा चोक आत ढकलून, थ्रॉटल उघडून, जादा पेट्रोल बाहेर जाईपर्यंत ओढायचं. तरी लागली नाही तर मग ठिणगी तपासायची. प्लग कोरडा असेल तर नवे प्लग आणून उपयोग नाही. शंका नको म्हणून आम्ही ठिणगीही पाहिली. पेट्रोलचा पाइप काढून दूर ठेवला, प्लगांच्या भोकांवर फडकं धरलं, प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला. अंधारात निळी, कडक ठिणगी दिसली. हिला ठिणगी फ्लायव्हीलमधल्या चुंबकावर मिळते, त्यामुळे दोरी रेंगाळत ओढली तर ती मरते. आधी हळू ओढून अडेपर्यंत आणायची आणि मग एकच झटका द्यायचा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही, म्हणजे आतला दाब, जवळजवळ सारखंच निघालं.

मग काकांनी कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि मला चोक पूर्ण ओढायला सांगितलं. टॉर्च मारली. चोकची पितळी पाकळी बंद झाल्यासारखी दिसत होती, पण खालच्या कडेला नखाच्या कोरीएवढी फट होती. बटण पूर्ण बाहेर आलेलं, पाकळी मात्र पूर्ण मिटलेली नाही. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब भिंतींनाच चिकटून राहतात. म्हणून हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायचं असतं. हाताच्या झटक्याने इंजिन फिरतं ते हळूच, ओढ मुळात कमी. त्यात एवढी फट राहिली की पेट्रोल वर चढतच नाही.

खात्री करायला काकांनी त्या तोंडावर माझा तळहात दाबून धरायला सांगितलं. नावाड्याने दोरी ओढली. हाताची कातडी आत खेचली गेली, दुसऱ्या ओढीला तळव्याला बर्फासारखं गार पेट्रोल लागलं आणि मोटर एकदा ठसकली. हात काढला, पुढच्या ओढीला चालू. तो आवाज ऐकून मला खरंच भरून आलं.

दोष चोकच्या सळईत होता. तिच्या टोकाची प्लास्टिकची टोपी झिजली होती आणि सळई जराशी वाकली होती. टोपी बदलली, सळई सरळ केली, पाकळी पूर्ण मिटते का ते पुन्हा टॉर्चने पाहिलं. सव्वीस ओढींच्या सहा झाल्या.

उरलेल्या सहांचं कारण टाकी आणि मोटर यांच्यामधल्या पाइपात होतं. पाइपातला रबरी बल्ब दाबून कडक केला तरी पाच मिनिटांत मऊ पडायचा. कडक असताना मोटरकडच्या जोडावर बोट फिरवलं तर ओलं लागायचं. आतली रबरी रिंग चिरली होती, तिथून हवा ओढली जात होती. रिंग बदलल्यावर दोन-तीन ओढींचं काम झालं. बल्ब दाबताना त्याच्यावरचा बाण मोटरकडे आणि बल्ब उभा धरायचा, आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी सैल करायचा. हा स्क्रू विसरल्याने आमच्या दोन सकाळी फुकट गेल्या.

कार्बोरेटर मला नीट समजला तोही काकांमुळेच. तिघऱ्याचं धरण १९१६ चं. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की आपोआप उघडणारे विश्वेश्वरय्यांचे दरवाजे खडकवासल्यानंतर इथे बसले. काका म्हणाले, “तिथे पाणी चढलं की दार उघडतं, इथे पेट्रोल चढलं की फ्लोट, म्हणजे त्यावर तरंगणारा तुकडा, वर येऊन दार बंद करतो. दाराशी कचरा बसला की दोन्हीकडे घोटाळा.”

तो कचरा आम्हाला ऑगस्टमध्ये भेटला. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. दोन महिने मोटर उभी होती आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल तसंच राहिलं होतं. वरचं उडून गेलं, खाली चिकट पिवळा थर बसला आणि पेट्रोल सोडणारं सगळ्यात बारीक भोक, म्हणजे जेट, बुजलं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवत नाही. रोज परतल्यावर किनाऱ्याशी, मोटर पाण्यातच असताना, पाइप काढतो आणि आयडलवरच, म्हणजे सगळ्यात मंद गतीवर, तिला वाटीतलं पेट्रोल संपवू देतो. जोरात फिरवून कधीच संपवत नाही, कारण टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं.

घरी तपासताना कोरडी चालवू नका, पाण्याच्या पंपातलं रबरी चाक लगेच जळतं. आम्ही मोठ्या ड्रममध्ये उभी करतो आणि मागून पाण्याची बारीक धार येते का ते आधी बघतो.

आज सकाळी धुकं होतं, बोटं बधिर होती. चोक ओढला, बल्ब कडक केला, दुसऱ्या ओढीला ठसकली, चोक अर्धा आत, तिसऱ्या ओढीला चालू. त्या काळातल्या ओढींनी दोरी मुठीपाशी मात्र झिजली आहे, ती या पंधरवड्यात बदलायची आहे.