ओबीडी स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर धडधडत्या छातीने गॅरेज गाठतात, नाहीतर गाडी नीट चालतेय ना म्हणून दिव्याकडे काणाडोळा करतात. तिसरा मार्ग म्हणून मी ब्लूटूथवर चालणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाड फोनवर दाखवणारं उपकरण. बरेच महिने वापरून झालाय, त्यामुळे आता त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो: वस्तू कामाची आहे, पण ज्या कामासाठी लोक ती घेतात त्या कामासाठी नव्हे. कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, वाचणं हा तिचा सगळ्यात कमी महत्त्वाचा उपयोग आहे.

जोडणी सोपी. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद. त्यात स्कॅनर खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, फोन जोडायचा, ॲप उघडायचं. मेकॅनिकची गरज नाही, पान्याची तर नाहीच.

हे सॉकेट गाडीत आहे ते आपल्या सोयीसाठी नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. त्याचं मूळ प्रदूषणाच्या कायद्यात आहे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःच्या धुराशी संबंधित बिघाड स्वतः ओळखावेत अशी सक्ती केली. तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा लागू झाली, ती ओबीडी-२. युरोपात पेट्रोल गाड्यांना हाच प्रकार २००१ पासून आला. म्हणजे ही सगळी यंत्रणा मुळात सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय यावर पाळत ठेवण्यासाठी आहे. ब्रेक पॅड झिजलेत, क्लच घसरतोय, सस्पेन्शन खडखडतंय, यातलं तिला काहीही कळत नाही. "स्कॅनर लावला, सगळं ओके दाखवतोय, मग आवाज कसला?" असं विचारणाऱ्यांनी एवढं समजून घेतलं तरी निम्मा गोंधळ मिटेल.

कोडची रचना एकदा कळली की पाठ करायची गरज उरत नाही. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं तुटलंय. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा खास. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. इथवर ठीक. घोळ होतो तो पी०१७१ सारख्या कोडपाशी, आणि माझ्या गाडीत नेमका तोच आला.

पी०१७१ चा अर्थ: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गॅरेजमधल्या मेकॅनिकने कोड पाहिला आणि क्षणात निकाल दिला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलून टाकू." नेटवर शोधलं तरी पहिल्या दहा ठिकाणी हेच लिहिलेलं. पण ऑक्सिजन सेन्सर इथे तक्रारदार आहे. धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय एवढीच वर्दी त्याने दिली. तक्रार नोंदवली म्हणून तक्रारदारालाच आत टाकण्यातला हा प्रकार.

मी आधी फ्रीझ फ्रेम उघडली. कोड नोंदला गेला त्या क्षणाची सगळी आकडेवारी इंजिनचा संगणक साठवून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आश्चर्य म्हणजे बरेच जण कोड बघतात आणि हे पान उघडतच नाहीत. माझ्या पानावर आरपीएम ७८० च्या आसपास, कूलंट ८८ अंश, गाडीचा वेग शून्य आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २३ टक्के. म्हणजे इंजिन गरम, गाडी उभी, आयडलिंग चालू.

फ्युएल ट्रिम हा या सगळ्या खेळातला माझा सर्वांत आवडता आकडा. संगणकाकडे ठरलेलं गणित असतं: एवढी हवा आत आली तर एवढं पेट्रोल फवारायचं. मग ऑक्सिजन सेन्सर सांगतो की कमी पडलं की जास्त झालं, आणि त्यानुसार संगणक टक्केवारीत दुरुस्ती करत राहतो. क्षणोक्षणीची दुरुस्ती ती शॉर्ट टर्म. ती सतत एकाच बाजूला झुकू लागली की तो झुकाव लाँग टर्ममध्ये मुरतो. अधिक-उणे पाच-सहा टक्क्यांत असेल तर चिंता नाही. अधिक २३ म्हणजे संगणक पेट्रोल ओततोय, ओततोय, तरी पुरत नाही.

मग गाडी उभीच ठेवून रेस दिली आणि २,५०० आरपीएमवर धरून ठेवली. ट्रिम हळूहळू उतरत चारवर आली. रेस सोडली, पुन्हा वीसच्या वर. फ्युएल पंप कमकुवत असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलट झालं असतं: जास्त पेट्रोल लागतं तेव्हा, चढावर किंवा वेगात, तुटवडा वाढला असता. फक्त आयडलिंगला त्रास याचा अर्थ कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम भरपूर, आणि एकूण हवाच थोडी. त्यामुळे छोट्या भेगेतून येणारी हवाही टक्केवारीत मोठी ठरते. रेस दिली की एकूण हवा कितीतरी वाढते आणि तीच भेग नगण्य होते. (हे माझ्या इंजिनात एअर फ्लो सेन्सर आहे म्हणून. फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या इंजिनांत ही भेग ट्रिममध्ये अशी दिसत नाही, तिथे बहुधा आयडलिंगच चढतं.)

ट्रिमचा आलेख मेकॅनिकला दाखवला. तो काही बोलला नाही, पण ऑक्सिजन सेन्सरची गोष्टही त्याने पुन्हा काढली नाही. एकेक पाइप हाताने दाबत गेला. पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत घेणाऱ्या) पाइपचा रबरी बेंड खालच्या बाजूने फाटलेला निघाला. वरून बघितला तर नवाकोरा. बेंड बदलला, आणि पुढच्या काही दिवसांत ट्रिम खाली येताना बघणं हा या स्कॅनरने दिलेला सगळ्यात समाधानाचा अनुभव. दिवाही मी विझवला नाही, आपोआप गेला. गाडी चालवण्याच्या लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी होऊन बिघाड दिसला नाही तर दिवा जातो, आणि कोडसुद्धा इंजिन ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावर पुसला जातो. लागतानाही दिवा सहसा एकदम लागत नाही. पहिल्या फेरीत कोड पेंडिंग म्हणून नोंदला जातो, दुसऱ्या फेरीत तेच दिसलं तर दिवा. अपवाद एकच: दिवा लुकलुकायला लागला तर. म्हणजे मिसफायर इतका की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन जळतंय. अशा वेळी स्कॅनर शोधत बसू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

ॲपमधलं 'क्लिअर' बटण सगळ्यांना फार आवडतं. मला ते यंत्रातलं सगळ्यात घातक बटण वाटतं. कोड पुसला की त्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, बहुतेक गाड्यांत शिकलेली ट्रिम जाते, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या याची नोंद, शून्यावर येतात. म्हणजे पुरावा नष्ट, बिघाड जिथल्या तिथे.

हेच रेडिनेस मॉनिटर एका मित्राच्या कामी आले. तो जुनी गाडी बघत होता. गाडी चकाचक, एकही दिवा नाही, विकणाऱ्याने तर स्वतःहून सांगितलं, "खुशाल स्कॅन करा." स्कॅन केला, कोड शून्य. पण मॉनिटरच्या पानावर कॅटॅलिस्ट, इव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा), ऑक्सिजन सेन्सर सगळ्यांपुढे 'अपूर्ण'. आणि 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' या ओळीत जेमतेम ३० किलोमीटर. बॅटरी काढून लावली तरी काही गाड्यांत असं होतं, त्यामुळे लबाडीच आहे असं म्हणता येणार नाही. मित्राने एवढंच विचारलं, "दोनेकशे किलोमीटर चालवून परत दाखवाल का?" त्यावर मात्र खुशालपणा कमी झाला. अमेरिकेतल्या २०१० नंतरच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोड असा एक प्रकार आहे, जो स्कॅनरने पुसलाच जात नाही. गाडीने स्वतः चाचणी करून खात्री केली तरच जातो. कायदा करणाऱ्यांना हे बटण चांगलंच ठाऊक होतं म्हणायचं.

कूलंटच्या तापमानाबद्दलही सांगायला हवं. डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतो असा आपला समज असतो. बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या टप्प्यात तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, नाहीतर लोक उगाच घाबरतात. स्कॅनरवर मला मोकळ्या रस्त्यावर तापमान ७५ पर्यंत उतरताना आणि गर्दीत ९० ला चढताना दिसलं. काटा मात्र मधोमध, ढिम्म. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप, उघडाच अडकू लागला होता. याचा ठरलेला कोड पी०१२८, तो यायच्या आधीच थर्मोस्टॅट बदलून झाला. आपल्या गाडीचे निरोगी असतानाचे आकडे एकदा लिहून ठेवले की असं काही पटकन डोळ्यांत भरतं. गाडी ठणठणीत असतानाच स्कॅनर घ्या, असं मी सांगतो ते यासाठी.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) हा कोड आलेल्यांसाठी दोन ओळी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी त्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख शेजारी ठेवून बघा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा वर-खाली नाचतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत असायला हवा. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे. तरीही आधी एक्झॉस्टची गळती तपासा.

आता तक्रारी. बाजारातले बहुतेक स्वस्त स्कॅनर ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत. मूळ चिप बनवणारी कॅनडाची ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स २०२२ मध्ये बंदच झाली. खोक्यावर १.५ आवृत्ती असं ठळक छापलेलं असतं, ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. माझा पहिला स्कॅनर अशीच नक्कल होता: कोड वाचायचा, पण आलेख लावला की मिनिटभरात जोडणी तुटायची. दुसरा जरा बरा घेतला तेव्हा कुठे वरचं सगळं करता आलं. चांगल्या स्कॅनरवरही एकाच वेळी दहा आकडे मागवले तर प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि सेन्सरचा नाच पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दोन-तीनच निवडा.

ॲपमधले हॉर्सपॉवर, टॉर्क, मायलेजचे देखणे गोल मीटर म्हणजे बहुतांशी अंदाज. बघायला मजा, भरवसा नको. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या स्कॅनरवर सहसा येत नाहीत, त्यासाठी त्या गाडीच्या कंपनीसाठीची खास सोय ॲपमध्ये लागते.

स्कॅनर कायम खोचून ठेवू नये. १६ क्रमांकाच्या पिनेला बॅटरी सतत जोडलेली असते, चावी काढली तरी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर तो बॅटरी पीत बसतो. सुरक्षेचाही प्रश्न आहेच: कित्येक स्कॅनरचा ब्लूटूथ पासवर्ड १२३४ असतो, आणि सॉकेटमधून थेट गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरता येतं. २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी सॉकेटला लावलेल्या, मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या अशाच एका उपकरणाला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक लावून आणि निकामी करून दाखवले होते. ब्लूटूथला तेवढा लांबचा पल्ला नाही, तरी काम झालं की काढून ठेवलेला बरा.

आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर जुळणार नाही, ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला बघा. वायफायवाल्यात फोनचं इंटरनेट मध्येच जातं, हा एक ताप. इलेक्ट्रिक गाडीसाठी घेणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा. सॉकेट अनेक इलेक्ट्रिक गाड्यांतही असतं, पण सामाईक कोड धुराभोवती रचलेले. बॅटरीची तब्येत, सेलचे व्होल्टेज हे प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत येतं. तुमच्या मॉडेलची ती भाषा ॲपला येते का, हे आधी पाहा आणि मगच स्कॅनर मागवा.