स्कूबाची थिअरी: इंदूरला घरी, की अंदमानला वर्गात?

भाचा विचारतोय, "मामा, दिवाळीत अंदमानच्या स्वराज द्वीपला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करायचाय. थिअरी इथंच ऑनलाइन उरकू, की तिथं वर्गात बसू?"

वेळेत ऑनलाइन सरस. कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा. थिअरी घरून झाली तर तिथले तास पाण्यासाठी मोकळे. खर्चाचं मात्र विचारून घ्यावं: ऑनलाइनचे पैसे फीत धरलेत की वरून?

खरी गोम समजण्यात आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट, हवेचं आकारमान निम्मं, हे व्हिडिओत चटकन कळतं, हवं तितक्यांदा बघताही येतं. पण वर येताना तीच हवा फुफ्फुसात फुगते, म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही, हे डोक्यात बसायला समोर उलटतपासणी घेणारा शिक्षक बरा. ऑनलाइन क्विझ काय, घोकूनही पास होता येतं! मास्कमधलं पाणी काढणं तर दोन्हीकडे नुसतं ऐकायचं, शिकायचं पाण्यातच.

सुट्टी मोजकी आणि स्वतःहून वाचायची सवय असेल, तर ऑनलाइन. इंग्रजी अडतं किंवा फिजिक्सची धास्ती आहे, त्यानं वर्ग घ्यावा, एक दिवस जास्तीचा धरून. दमा असेल तर ऑनलाइनवाल्यानं काय नि वर्गवाल्यानं काय, डॉक्टरांची सही इंदूरहूनच न्यावी.